सायन्सच्या मुलींचं मेंटॉरिंग पहिल्यांदाच करताय? इथून सुरू करा

तुम्ही नुकतेच कॉलेजात शिकवायला लागला असाल, किंवा पीएचडी करता करता ज्युनियर मुलींना मदत करावीशी वाटत असेल, किंवा कंपनीत रिसर्चला आहात आणि जुन्या डिपार्टमेंटमधून "आपल्या मुलींसाठी काहीतरी करा ना" असा फोन आलाय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. असा फोन आला की बहुतेक जण एक भाषण ठरवतात, स्लाइडवर मेरी क्युरीचा फोटो, जिद्द चिकाटी वगैरे, शेवटी ग्रुप फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं जैसे थे. भाषणाला माझा विरोध नाही, पण भाषण ऐकून कोणी लॅबमध्ये टिकलेलं मी तरी बघितलेलं नाही. मुलगी टिकते ती तिच्या हातात खरं काम आलं आणि कोणीतरी योग्य ठिकाणी तिचं नाव घेतलं म्हणून. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत, कौतुक करायचंच असेल तर ते नंतर करता येतं.

आणि मुलींना सायन्सची आवडच नसते हे डोक्यातून आधी काढून टाका. फिजिक्स आणि कॉम्प्युटरचे वर्ग सोडले तर बऱ्याच ठिकाणी डिग्रीला मुली भरपूर असतात, बायोलॉजीत तर निम्म्याहून जास्त, पण संशोधकांपर्यंत पोचेस्तोवर युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे जगभरात बायका साधारण एक तृतीयांशच उरतात. म्हणजे येतायत, आणि मग मधेच कुठेतरी गळतायत. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये नेमक्या कुठे गळतायत ते आधी शोधायचं.

पहिली पायरी: काही करायच्या आधी नुसतं बघा

प्रॅक्टिकलच्या एखाद्या बॅचला जाऊन मागे उभे रहा. चार जणांचा ग्रुप आहे, टेबलावर ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे, नॉबवर हात कुणाचा आहे ते बघा. बहुतेक वेळा एक मुलगा नॉब फिरवत असतो, दुसरा वायरी काढत-लावत असतो, तिसरा सल्ले देत असतो आणि मुलगी वही घेऊन रीडिंग लिहीत असते, का तर "तुझं अक्षर चांगलं आहे". कोणी वाईट हेतूने केलेलं नसतं हो, तिलाही त्या क्षणी सोयीचंच वाटतं. पण वर्षभर हेच चाललं की तिचं जर्नल वर्गात सगळ्यात देखणं असतं आणि ट्रिगर कसा सेट करायचा ते मात्र तिला सांगता येत नाही, कारण नॉबला तिचा हात कधी लागलेलाच नसतो. मग व्हायव्हात अडकते आणि स्वतःच स्वतःला सांगते की मला प्रॅक्टिकल जमत नाही, मी आपली थिअरीवालीच बरी. आणि असं कोणी बोलताना ऐकलं की आपण म्हणतो, कॉन्फिडन्स नाही मुलीत.

यावरचा उपाय एका कागदाचा आहे. दर प्रॅक्टिकलला कामं फिरवायची, आज जोडणी कोण करणार, इन्स्ट्रुमेंट कोण चालवणार, नोंद कोण करणार, हिशोब कोण करणार, हे नावासकट दारावर लावायचं आणि सगळ्या ग्रुपना सारखंच लावायचं. "मुलींनो, जरा पुढे या" असं मात्र ओरडू नका, त्याने ती बिचारी वीस जणांच्या नजरेत येते आणि पुढच्या वेळी अजून मागे जाऊन उभी राहते. नियम सगळ्यांना असला की तिच्याकडे कोणी बघत नाही आणि काम आपोआप हातात येतं.

कॉम्प्युटरच्या बाबतीत याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजात २००६च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली जेमतेम १० टक्के होत्या, पुढच्या पाचेक वर्षांत त्या ४० टक्क्यांच्या आसपास गेल्या. केलं काय तर पहिल्या कोर्सची भाषा जावावरून पायथॉनवर आणली आणि कोर्स खऱ्या प्रश्नांभोवती बांधला, आधीपासून प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांची तुकडी वेगळी केली म्हणजे नव्यांना "सगळ्यांना येतं फक्त मलाच येत नाही" असं वाटणार नाही, पहिल्याच वर्षाच्या मुलींना बायकांच्या मोठ्या कॉम्प्युटिंग कॉन्फरन्सला नेलं आणि लवकर रिसर्चला लावलं. यात मुलींसाठी सोपा पेपर वगैरे काही नव्हतं, हे मुद्दाम सांगतेय कारण स्टाफ रूममध्ये पहिला आक्षेप हाच येतो.

बघून झालं की अजून एक करा, सोडून गेलेल्या दोघी-तिघींना गाठून बोला. ज्या टिकल्या त्या सांगतात की मेहनत करा. खरी माहिती सोडून गेलेल्यांकडे असते, आणि त्यांना कोणी विचारायलाच जात नाही.

दुसरी पायरी: पहिली बैठक छोटी ठेवा

पाच ते आठ मुली पुष्कळ झाल्या. हॉल नको, माईक नको. कॉलेजच्या वेळेतच ठेवा, संध्याकाळी उशिरा ठेवली की लांबून येणाऱ्या पहिल्या गळतात आणि मग "इंटरेस्टच नाही यांना" असं आपण म्हणायला मोकळे. गोल बसा, आणि "तुमचं स्वप्न काय" असलं काही विचारू नका, त्याला सगळ्या पाठ केलेलं उत्तर देतात. त्यापेक्षा विचारा की या सेमिस्टरला कुठल्या विषयात अडलंय, पुढच्या सहा महिन्यांत कुठला फॉर्म भरायचाय, आणि असं काय आहे जे सगळ्यांना माहीत असावं असं वाटतं पण विचारायची लाज वाटते. तिसऱ्या प्रश्नाला चिठ्ठीवर उत्तरं घ्या, नाव न लिहिता. त्या चिठ्ठ्या म्हणजे तुमचा वर्षभराचा अजेंडा समजा.

पाहुणी म्हणून फार मोठ्या शास्त्रज्ञ आणायच्या मागे लागू नका. दोन-तीन वर्षांनी पुढे असलेली सिनियर जास्त उपयोगाची, कारण तिला फॉर्म कुठे मिळतो ते अजून आठवत असतं. यावर मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलींवर केलेला एक अभ्यास २०१७ला छापून आला. काहींना सिनियर मुलगी मेंटॉर दिली, काहींना सिनियर मुलगा, काहींना कोणीच नाही. सिनियर मुलगी मिळालेल्यांची "मी इथली आहे" ही भावना, स्वतःवरचा भरवसा आणि त्या शाखेत टिकण्याचं प्रमाण जास्त राहिलं, आणि गंमत म्हणजे पहिल्या वर्षी टिकण्याचा संबंध मार्कांशी लागलाच नाही. मेंटॉरिंगही पहिल्या वर्षापुरतंच होतं, परिणाम नंतरही दिसला. म्हणून जोर लावायचा तो पहिल्या वर्षी, शेवटच्या वर्षी जागं होऊन उपयोग थोडा.

हे वाचून पुरुष मेंटॉर म्हणतील मग आम्ही काय करायचं. भरपूर. सिनियर मुलींशी गाठ तुम्ही घालून द्या, आणि पुढे ज्या शिफारसपत्रांच्या आणि नाव सुचवण्याच्या गोष्टी येतायत तिथे तर बहुतेक खुर्च्या तुमच्याकडेच आहेत. भेटीगाठी कॉलेजात, उघड्या दाराच्या खोलीत आणि ठरलेल्या वेळी ठेवा म्हणजे कोणालाच अवघडायला नको.

तिसरी पायरी: जे कोणी सांगत नाही ते सांगा

ज्या घरात आधी कोणी रिसर्चमध्ये गेलेलं आहे त्या मुलीला जेवताना ऐकूनच निम्मी माहिती मिळते. बाकीच्यांना ती कुठेच लिहिलेली सापडत नाही. सायन्समध्ये पीएचडी करताना बऱ्याच ठिकाणी उलट स्टायपेंड मिळतो हे कितीतरी मुलींना माहीतच नसतं, त्या खर्चाच्या भीतीने विषयच काढत नाहीत. सुट्टीतल्या प्रोजेक्टचे अर्ज सुट्टीच्या कित्येक महिने आधी बंद होतात. अनोळखी प्रोफेसरला थेट मेल करता येतो आणि त्यात उद्धटपणा काही नसतो. बऱ्याच कॉन्फरन्सना विद्यार्थ्यांसाठी प्रवासखर्च मिळतो पण तो वेगळा अर्ज करून मागावा लागतो. पेपरवर नाव येण्यासाठी काय केलेलं असावं लागतं हे काम सुरू करतानाच विचारायचं असतं, शेवटी नाही. आणि सायन्समधलं करिअर म्हणजे फक्त प्रोफेसर नाही, इन्स्ट्रुमेंट कंपन्यांमधले ॲप्लिकेशन सायंटिस्ट, पेटंटवाले, क्वालिटी कंट्रोल, हॉस्पिटलमधले मेडिकल फिजिसिस्ट, डेटावाले, म्युझियमवाले, सायन्सवर लिहिणारे, हे सगळे सायन्समध्येच आहेत.

वर्षाचं एक कॅलेंडर करा, कुठला अर्ज कधी उघडतो कधी बंद होतो, आणि ते ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, तारखेच्या तीन आठवडे आधी प्रत्येकीला विचारा की कुठपर्यंत आलंय.

आता मेलबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त मुली इथेच अडतात. पहिला मसुदा हमखास असा असतो: "आदरणीय सर, मला आपल्या रिसर्चमध्ये खूप इंटरेस्ट आहे, कृपया मला आपल्या लॅबमध्ये काम करण्याची संधी द्यावी ही नम्र विनंती." यात चूक काही नाही, पण हा मेल जगातल्या कुठल्याही सरांना जाऊ शकतो, म्हणून कोणीच उत्तर देत नाही. चार-पाच वाक्यांचा करा. मी अमुक वर्षाला, अमुक विषय. तुमच्या लॅबचा अमुक पेपर वाचला, त्यातल्या दुसऱ्या आकृतीत तापमान वाढल्यावर सिग्नल पडतो तो का पडतो हे मला कळलं नाही, किंवा कळलं पण पुढे अमुक करून बघितलं तर काय होईल असं वाटलं. मला पायथॉनमध्ये डेटा प्लॉट करता येतो, पीसीआर स्वतःच्या हाताने केलंय. मी अमुक तारखेपासून आठ आठवडे येऊ शकते. सोबत एक पानाचा रेझ्युमे. बस.

हा मेल तुम्ही लिहून द्यायचा नाही. तिने लिहायचा, तुम्ही शेजारी बसून खुणा करायच्या, आणि सेंड बटण तिने तुमच्यासमोर दाबायचं, कारण "घरी जाऊन पाठवते मॅडम" म्हटलेले मेल ड्राफ्टमध्येच राहतात. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक छोटी आठवण पाठवायची. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे, बहुतेक वेळा समोरच्याच्या इनबॉक्समध्ये तो खाली गेलेला असतो, हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती मनाला लावून घेणार नाही.

चौथी पायरी: सेमिनारमधला पहिला प्रश्न

हे छोटं आहे पण लगेच करता येतं. २०१८ला छापलेल्या एका अभ्यासात १० देशांतल्या ३५ संस्थांमधली अडीचशेच्या आसपास सेमिनार बसून पाहिली, ऐकणाऱ्यांत बायका-पुरुष साधारण सारखे असूनही प्रश्न विचारण्यात पुरुष अडीचपटीने पुढे होते. त्यात हेही दिसलं की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर नंतर बायकांचे प्रश्न अजून कमी होतात, आणि प्रश्नांना वेळ जास्त ठेवला तर वाढतात. तेव्हा सेमिनार तुम्ही चालवत असाल तर भाषण संपल्यावर दोन मिनिटं थांबा, शेजारच्याशी बोला म्हणा, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्यांकडून घ्या, त्यातही मुलीकडून आला तर उत्तमच. नेहमीचे दोन सिनियर सर हात वर करून बसलेले असतात, त्यांना "तुमचा तिसरा घेतो" म्हणायचं धैर्य मात्र लागतं. मुलींच्या ग्रुपमध्ये आधीच सांगा की प्रत्येकीने ऐकता ऐकता एक प्रश्न कागदावर लिहायचा, विचारायचाच असं नाही, पण लिहिलेला असला की हात वर जायला सोपं पडतं.

पाचवी पायरी: "मला जमणार नाही" म्हणाली की

हे वाक्य तुम्ही ऐकणार, आणि तुमच्या सगळ्यात हुशार मुलीकडून ऐकणार. सगळं यश नशिबाने मिळालं आणि एक दिवस आपण उघडे पडू, ही भावना पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७८ साली, यशस्वी बायकांशी बोलून, पहिल्यांदा नीट मांडली. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल केंब्रिजला पीएचडी करत होत्या तेव्हा त्यांनाही वाटायचं की इथे आपल्याला चुकून घेतलंय, एक दिवस काढून टाकतील, मग निदान तोपर्यंत काम इतकं चोख करू की पश्चात्ताप नको. म्हणून त्या रेडिओ टेलिस्कोपच्या कागदी चार्टचे शेकडो फूट डोळ्यांत तेल घालून तपासत होत्या, आणि म्हणूनच १९६७ साली त्यातला इंचाचा अंशभर जागेतला विचित्र खरखरीत सिग्नल त्यांच्या नजरेतून सुटला नाही. तो पहिला पल्सार, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारा तारा. १९७४चं नोबेल मात्र त्यांच्या गाईडला आणि आणखी एका शास्त्रज्ञाला मिळालं. २०१८ला त्यांना ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते त्यांनी सगळंच्या सगळं फिजिक्समध्ये पीएचडी करू पाहणाऱ्या, पण तिथे फारसे न दिसणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपला देऊन टाकलं.

ही गोष्ट सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण "तू हुशार आहेस गं" याचा परिणाम अर्धा तास टिकतो. नेमकं बोला. "तुझा कॅलिब्रेशन कर्व्ह बघितला, तिसरा पॉइंट बाहेर पडला तर तू तो खोडला नाहीस, सोल्युशन नव्याने बनवून परत रीडिंग घेतलंस, रिसर्चमध्ये हेच लागतं" असं म्हटलं की ते तिला खोटं पाडता येत नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती नवे मेंटॉर विसरतात. कधी कधी शंका मुलीच्या डोक्यात नसते, जागाच वाईट असते. लॅब मीटिंगमध्ये तिचं वाक्य रोज अर्ध्यावर तोडलं जात असेल तर तिला कॉन्फिडन्सच्या वर्कशॉपला पाठवून काय होणार, मीटिंग चालवणाऱ्याशी बोला. कमला सोहोनी, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची बहीण, १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, बाई ठाण मांडून बसल्या तेव्हा कुठे अटी घालून आणि पहिलं वर्ष तपासणीवर ठेवून घेतलं. काम बघून रामन यांचं मत बदललं आणि मग तिथे मुली येऊ लागल्या, कमलाबाईंनी १९३९ला केंब्रिजची पीएचडीही घेतली. आता यात आत्मविश्वास कुठे कमी होता सांगा. दार बंद होतं. प्रत्येक मुलीने दारात ठाण मांडावं अशी अपेक्षा ठेवणं चुकीचंच आहे, आतल्या माणसाने कडी काढायची असते, आणि आता आतले तुम्ही आहात.

सहावी पायरी: नाव घ्या, आणि पत्र नीट लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी मेहनत इथेच घेतली जाते. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, सायन्सच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला, शब्दन् शब्द सारखा, फक्त निम्म्यांच्या अर्जावर नाव जॉन आणि निम्म्यांच्या जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला, त्याला पगारही जास्त सुचवला गेला, त्याला मार्गदर्शन करायची तयारीही जास्त दिसली. आणि असं करण्यात प्राध्यापक बायकाही पुरुषांपेक्षा मागे नव्हत्या. तेव्हा "मी स्वतः बाई आहे, माझ्याकडून असं होणार नाही" हे गृहीत धरू नका. मी तरी यादी करताना मुद्दाम परत बघते की कुठली मुलगी माझ्याकडून राहून तर गेली नाही ना.

शिफारसपत्रातही असंच होतं. प्राध्यापकांच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या पत्रांवर २००९ला एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की बायकांच्या पत्रांत मायाळू, मदतीला तत्पर, मिळून-मिसळून वागणारी असले शब्द जास्त येतात, आणि असले शब्द जितके जास्त तितकी निवड होण्याची शक्यता कमी. पत्र लिहिल्यावर एकदा असं वाचा. "कु. अमुक अत्यंत मेहनती, नम्र आणि सर्वांना मदत करणारी विद्यार्थिनी आहे" हे वाक्य छान वाटतं ना, पण यातून ती काय करू शकते ते कळतच नाही. "तिने आमच्या स्पेक्ट्रोमीटरची बेसलाइन का सरकते ते शोधून काढलं, त्यासाठी स्वतः स्क्रिप्ट लिहिली आणि ती आता सगळी लॅब वापरते" असं लिहा. ती नम्र आहे का हे समोरच्याला तिला भेटल्यावर कळेल. हेच पत्र एखाद्या मुलासाठी असतं तर मी असंच लिहिलं असतं का, एवढं विचारलं तरी बरंच काही खोडलं जातं.

नाव घेणं म्हणजे जिथे मुलगी हजर नसते तिथे बोलणं. पोस्टरला कोणाला पाठवायचं, नवीन मशीनच्या ट्रेनिंगला कोण जाणार, प्रोजेक्टला एक जागा आहे, ही ठरवाठरवी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या होते आणि पहिलं जे नाव डोक्यात येतं ते जातं. तुमच्याकडे दोन नावं कायम तयार ठेवा, कामाच्या एका ओळीसकट. गणितज्ञ एमी नोएथरला जर्मनीतल्या गॉटिंगन युनिव्हर्सिटीत बाई म्हणून शिकवायचा हक्क मिळत नव्हता तेव्हा तिथले मोठे गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी स्वतःच्या नावाने लेक्चर जाहीर केली आणि ती नोएथरने घेतली, १९१९ला तिला अधिकृत हक्क मिळाला. त्या काळात हिल्बर्ट यांनी केलं ते मोठंच होतं, पण आज तसं करू नका, आज काम तिचं असेल तर नावही तिचंच लागलं पाहिजे, पोस्टरवर, स्लाइडवर, पेपरवर, आणि "आमच्या एका विद्यार्थिनीने केलंय" असं नाही तर नाव घेऊन.

सातवी पायरी: सुरक्षितता, आणि ग्लोव्हजचा साइझ

ग्लोव्हजपासून सुरू करते कारण हसून सोडून देतात. स्टोअरमध्ये फक्त मोठ्या साइझचे ग्लोव्हज आणि एकाच मापाचे लॅब कोट असतील तर ढिल्या बोटांनी ॲसिडची बाटली धरणं आणि लोंबती बाही बर्नरजवळ नेणं हा गैरसोयीचा नाही, अपघाताचा प्रश्न आहे. पुढच्या ऑर्डरमध्ये लहान साइझ घाला, एका ओळीचं काम आहे.

फील्डवर्कला जायच्या आधी मुलींनी विचारायचे प्रश्न तुम्हीच ग्रुपवर देऊन ठेवा: राहायची सोय काय आणि खोलीत कोण कोण, टॉयलेट कुठे, पाळी आली तर काय, फोनला रेंज आहे का, तिथे प्रमुख कोण, आणि त्या प्रमुखाबद्दलच तक्रार असली तर कोणाला सांगायचं. हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. २०१४ला छापलेल्या फील्डवर्कच्या एका सर्व्हेत ६६६ जणांनी उत्तरं दिली, त्यात ६४ टक्के लोकांना लैंगिक शेरेबाजी किंवा छळाचा अनुभव आलेला होता, आणि ज्यांना त्रास झाला ते बहुतेक विद्यार्थी आणि शिकाऊच होते.

एखादी मुलगी असं काही सांगायला आली तर आधी ऐका, मधे मधे "पण त्याचा तसा उद्देश नसेल" करू नका. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन ऐकायच्या आधीच देऊन बसू नका, कारण काही गोष्टी पुढे कळवणं तुमच्यावर बंधनकारक असू शकतं, त्यामुळे तुमच्या संस्थेचे नियम आणि तक्रार समितीत कोण आहे हे आजच बघून ठेवा. तारीख, जागा, कोण होतं हे तिला लिहून ठेवायला सांगा, मेसेज डिलीट करू नको म्हणा. तिला काय हवंय ते विचारा. आणि दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाकू" हा उद्योग अजिबात करायचा नाही. माणूस तिचा गाईडच असेल तर सगळ्यात मोठी भीती असते की पत्र कोण देणार, प्रोजेक्ट कुठे पुरा करणार, तिथे दुसरा गाईड शोधून देणं ही मदत तुम्ही खरोखर करू शकता.

आठवी: घरच्यांशी बोलायची वेळ आली तर

मुलीने सांगितलं तरच बोला, तिला न विचारता घरी फोन नाही. आई-वडिलांचे प्रश्न बहुतेक वेळा सरळ असतात, किती वर्षं लागतील, खर्च कोण करणार, राहणार कुठे, पुढे नोकरी लागेल का. त्याला सायन्सची महती सांगून भागत नाही. स्टायपेंडचा आकडा सांगा, होस्टेलची माहिती द्या, आणि त्याच वाटेने गेलेल्या एका सिनियरशी, जमलं तर तिच्या आई-वडिलांशी गाठ घालून द्या. जिथे पुढची नोकरी अवघड आहे तिथे अवघड आहे असंच सांगा, गोड बोलून पाठवलेली मुलगी चार वर्षांनी तुम्हालाच विचारते.

नववी: हे चालू ठेवायचं कसं

उत्साह पहिल्या सेमिस्टरला असतो, दुसऱ्यात सगळं एकाच माणसावर येऊन पडतं आणि बहुतेक ठिकाणी ती डिपार्टमेंटमधली एकमेव मॅडम असते. त्यामुळे सुरू करतानाच दोघं-तिघं असा, आणि हे काम तुमच्या कामाच्या तासांत धरलं जाईल असं विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, "तुम्ही किती छान करता" यावर भागवू नका. मुलींच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. कार्यक्रम म्हटला की सूत्रसंचालन, बुके, सजावट मुलींकडे आणि प्रोजेक्टर, डेमो मुलांकडे, हे तुमच्याच ग्रुपच्या कार्यक्रमात होतंय का बघा. ११ फेब्रुवारीला सायन्समधल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली तो ठरवला, त्या दिवशी भाषणाऐवजी मेल लिहायची बैठक लावा, तीन तासांत पंधरा मेल जातील.

एक साधी वही ठेवा. कोणी कुठे अर्ज केला, काय झालं, कोण सोडून गेली आणि तिने कारण काय सांगितलं. वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखांसमोर "मुलींना खूप प्रेरणा मिळाली" म्हणण्यापेक्षा ही वही ठेवलेली बरी, ग्लोव्हजच्या आणि प्रवासखर्चाच्या पैशांची मागणीही त्याच वहीवरून करता येते. वहीत खाजगी गोष्टी लिहू नका, ती उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

आणि एखादी मुलगी नीट विचार करून सायन्स सोडायचं ठरवते, तेही होणार. तिला समजावायला माणसं पाठवू नका, तिला काय हवंय ते विचारा, लागेल ते पत्र द्या आणि ग्रुपमध्ये राहू द्या. बँकेत, शाळेत, नाहीतर एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलेली जुनी मुलगी पुढच्या बॅचला तिथली माहिती देते, आणि काही जणी दोन-तीन वर्षांनी परत येतात, तेव्हा पहिला मेसेज त्या जुन्या ग्रुपवरच टाकतात की मॅडम, अजून अर्ज घेतात का.